गणेशचं पाणी

२ मे

थांब बे. तू काही म्हणायच्या आधीच सांगतो, मी गणेशवर जळत नाही. दुसऱ्याची रोजनिशी उघडली अन् लागला लगेच मनात बोलाले? वाचायचं तर गप वाच.

आज देऊळगाव राजाले आलो. वरवट बकालहून गाड्या बदलता बदलता पाठीचा भुगा झाला, पण मजा आली. जिनिंग गावाबाहेर आहे. गोदामात कापसाच्या गाठी पार छताजवळ गेल्यात, अन् त्यांच्या वर लाल पाइप. आग लागली की तोटीतली काचेची नळी फुटते अन् पाणी सुटते. झाडलोट करणाऱ्या अंबूबाईनं मले विचारलं, आमच्या वावरात स्प्रिंकलर नाही, अन् इथं वेचलेल्या कापसाले काऊन पाणी देता रे बापा? मी पोट धरून हसलो.

माहं काम पंप-रूममध्ये. दाबाचा काटा सातावर पाह्यजे. बारापर्यंत पाइप सहन करते, पुढं भरवसा नाही. नोकरी गणेशनं लावून दिली. डिप्लोमाले माह्याच ड्रॉइंगची नक्कल करून पास झालेला गणेश. तो परमनंट, मी ट्रायलवर. खोलीही त्याचीच, अर्धी मले दिली. भला माणूस आहे. मी कुठं नाही म्हणतो?

५ मे

दुपारी पत्रा तापला की पाइपातलं कोंडलेलं पाणी फुगते अन् काटा चढते. जादा दाब सोडाले एक वॉल आहे, तो थोडं थोडं पाणी बाहेर टाकते. आधी ते नालीत जाये. गणेशनं त्याले नळी जोडली अन् खाली अंबूबाईचा हंडा ठेवला. गावात नळ दहा दिवसाआड येते, म्हणून आता दुपारी बायांची लाइन लागते. सगळे त्याले 'गणेशचं पाणी' म्हणतात.

पाणी टँकरचं. दाब उन्हाचा. राखण माही. नाव गणेशचं.

आमचे साहेब कय्यूमभाई म्हणाले, दिमाग असावा तर असा, मियाँ. मीही मान हलवली. मान हलवाले काय लागते?

९ मे

वॉलचा स्क्रू आवळला. जरासाच. हंडे रिकामे गेले. अंबूबाई म्हणे, गणेशबापूच्या पाण्याले कोणाची तरी नजर लागली. गणेश हसला अन् खोलीतली भरलेली कळशी तिले देऊन टाकली. आता कळशीचंही कौतुक चाललं. अर्धी माही होती ना ती कळशी!

पत्रा थंड झाला तरी काटा नवावर. कय्यूमभाईले सात सांगितलं.

१२ मे

सकाळची वेळ, पत्रा गार, पंप बंद. अन् काटा दहावर. घाबरून स्क्रू पुरा ढिला केला. वॉलमधून थेंब नाही. कोणी आतून बोट घातल्यावानी.

पाइपाले हात लावला. आत ठोके पडून राह्यले होते. दुसऱ्या हातानं माही नाडी धरली. दोन्हीचा ताल एकच.

१५ मे

दोन दिवस घरी जाऊन आलो. माय सारखी गणेशचंच विचारे. परत आलो तर कय्यूमभाई म्हणाले, तू नव्हता तर गणेशनं काटा पाह्यला, सातावरून हलला नाही, अन् पाणीही सुरू झालं.

मी पंप-रूममध्ये पाय टाकला. आठ.
खुर्चीवर बसलो. दहा.
बाहेर बायांचे हंडे वाजत होते, ते बंद झाले.

१६ मे

चांगला विचार करून पाह्यला. नोकरी त्यानं लावली. खोली त्यानं दिली. अकरा.

त्यानं डब्यात ठेचा आणला, माह्या पानात जास्त वाढला. बारा. तो चांगला वागला की लवकर चढते—

कोणाले सांगू? काय सांगू? तुले तर पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, मी नाही—

१८ मे

गाठींच्या वर पाइपाचा एक जोड गळून राह्यला. खरं तर पाणी काढूनच जोडाले हात लावायचा असते. पण मे महिन्यात एवढं पाणी नालीत कोण सोडते? कय्यूमभाई म्हणाले, भरल्या पाइपावरच पाना लावा. गणेश म्हणाला, सात असलं तर जमते, उद्या मी चढतो. काट्यावर माहा दोस्त बसला आहे, मले कायचं भेव?

सगळ्यांनी माह्याकडे पाह्यलं.

सात आहे म्हणालो.

तेरा होता.

१९ मे

गणेश वर. पाना जोडावर. अंबूबाई खाली शिडी धरून.

चौदा.

ओरडलो तर उतरेल. पण मंग विचारतील, सात काऊन म्हणाला—

मी गेलो की काटा उतरते. एवढंच करायचं. फाटकाबाहेर. नोकरी गेली उडत. पिशवी भरली—

तेरा. खरंच उतरून राह्यला. अकरा. पायात चप्पल घातली. नऊ.

दारात आलो. उभ्यानंच लिहून राह्यलो. काटा इथून दिसते. सात—

गोदामातून टाळ्या. धार थांबली म्हणे. कय्यूमभाई ओरडले, शाबास गणेश! अंबूबाई म्हणे, देवमाणूस आहे बापा, देवमाणूस. गणेश वरून म्हणते, थांबा, अजून दोन आटे बाकी आहेत—

त्यानं थांबवली? त्यानं?

दाब मी उतरवला. नोकरीवर लाथ मारून. मी.

दहा.

फाटक कुठं पळून चाललं? पहिले आत जातो. सगळ्यांसमोर सांगतो. त्याच्या शिडीखाली उभा राहून—

तेरा. चौदा. काटा शेवटच्या खिळ्याले टेकला—

तू मधात बोलू नको. काही म्हणू नको. मी चाललो आत, मी सांग—