इमानीला काका नाही

ॲन आर्बर, फेब्रुवारी

ती. श्रीरंगकाकांना सत्यजितचा वाकून नमस्कार.

गुडघा आता जिना चढू देतो का? सुनेत्राकाकूंचे लाडू मिळाले. आम्ही ते संपवले. (हे 'आम्ही' कोण, ते पुढे येईल.)

तुमच्या फर्ममधल्या उन्हाळ्याच्या जागेसाठी रेझ्युमे पाठवायला उशीर झाला. कारण व्हॅन. इथे कृष्णवर्णीय इंजिनिअरिंग विद्यार्थ्यांची संघटना आहे. अभ्यासाला मदत, मुलाखतींची तयारी, नोकरी-मेळावे, असं तिचं काम. माझी शेजारीण इमानी तिची अध्यक्ष. पंचविशीच्या आतल्यांना भाड्याची व्हॅन मिळत नाही आणि संघटनेत सगळे विशी-एकविशीचे. म्हणून तिने माझं दार वाजवलं. माझं वय प्रथमच कुणाच्या उपयोगी पडलं. (लग्नाच्या बाबतीत ते आड येतं, असं आई कळवते.)

गेल्या शनिवारी शिकागोच्या मेळाव्याला गेलो. तुमचं नेपरव्हिल जवळच होतं, पण व्हॅनभर माणसं घेऊन काकूंच्या दारात उतरायचं धैर्य झालं नाही. वाटभर मागे सगळे काकूंचे लाडू खात 'स्वतःविषयी सांगा'चं उत्तर घोकत होते. आता झोपेतही मी डेट्रॉइटचा असतो आणि मला लहानपणापासून पुलांचं वेड असतं. (हे उत्तर इमानीचं.)

मग तिने विचारलं, "तुला पहिली इंटर्नशिप कशी मिळाली?"

"श्रीरंगकाकांमुळे."

"वडिलांचे भाऊ?"

"नाही. कराडच्या हॉस्टेलवरचे त्यांचे रूममेट."

"आणि तुला विमानतळावर घ्यायला आले होते, ते एडिसन गावचे?"

"तेही काका."

"ते कुणाचे कोण?"

"नक्की माहीत नाही."

व्हॅन हसून हलली. मागून जोसाया ओरडला, "आपण संघटना काढली, घटना लिहिली, वर्गण्या जमवल्या. आणि यांच्याकडे नुसता काका असतो!"

मी हसलो नाही. पुढे बर्फ होता.

मेळाव्यात इमानी प्रत्येक रांगेत उभी राहिली. प्रत्येक टेबलावर हसून सांगण्यात आलं, वेबसाइटवर अर्ज करा. तिचा हा शेवटचा उन्हाळा. काम मिळालं नाही तर पुढच्या वर्षी नोकरी मागताना दाखवायला काही नसेल. परतताना कुणी घोकलं नाही. रस्ता तेवढाच होता, पण मी फार थकलो.

काकूंना नमस्कार.

तुमचा
सत्यजित

ता. क. सोबतचा रेझ्युमे माझा नाही, इमानीचा आहे. जागा एकच आहे, हे ठाऊक आहे. पुलांचं खरं वेड तिलाच आहे.

ता. क. २. बाबांना मी सांगेन. माझी काळजी नको. एडिसनच्या काकांना विचारतो.

ता. क. ३. रविवारी तिचा फोन येईल. ती तुम्हाला काका म्हणेल. दचकू नका.