साडेतीन हात

मु. कोसमटोला, धानोऱ्याजवळ
माघ महिना, १९५६

प्रिय सुकरी,

अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून कागद चुलीत घालू नको. ज्या वारलू मास्तरनं मागच्या आठवड्यात तुझ्या बापाचं पत्र लिहून दिलं, तेच हेही लिहून राह्यले. हात तोच, तोंड दुसरं. तुझी आजी बोलून राह्यली. मास्तर म्हणे, भाषा जरा सुधारतो. म्हटलं, राहू द्या, सुधारली तर नात ओळखणार नाई.

घर तेच, एक खोली. तुझ्या काकानं वाटणीत मधात कुडाची भिंत घातली, तवापासून सहा माणसं, दोन शेळ्या अन् धानाची ढोली एकाच छपराखाली. शेळ्या बाहेर बांधाव्या तर वाघ नेते. तुझ्या बापाचं डोकं शेळ्यायजवळ येते, अन् सकाळी उठल्यावर कोणाची दाढी कोणती, मले लवकर उमजत नाई.

पण आठ दिवसांपासून मी घर आवरून राह्यली. सुपं, टोपल्या, कुऱ्हाड, सारं आढ्याले टांगलं. जातं पडवीत काढलं. मोहफुलाच्या पोत्यायवर तुझ्या भावायचं अंथरूण केलं; त्या वासानं पोट्टे असे झोपतात की उठवावं लागते. ढोली रिकामी करून भिंतीले सरकवली, पुन्हा भरली. तुझी माय म्हणते, सासूले म्हातारपणात उंदराचं वारं लागलं. म्हणो बापडी. एक कोपरा मोकळा झाला.

तुझ्या बापानं तो मोजला. त्याच्या हातानं तीन हात भरला. माय, माणसाले साडेतीन हात लागते, अर्धा कमी पडते, असं म्हणून त्यानं बिडी पेटवली. आता काय बोलावं या माझ्या पोराले, पत्रूले! स्वतः ताडासारखा, हातही तसाच लांब. अगं, माणूस साडेतीन हात भरतो तो ज्याच्या त्याच्या हातानं. तू माझ्यावर गेली, बुटकी. माझ्या हातानं कोपरा पावणेचार भरते. उरल्या पाव हातात फणी ठेव.

तुझं पत्र मले कोणी वाचून दाखवलं नाई. आठ दिवसांमागं मास्तरच्या तोंडून निसटलं. सासूनं सांडशीनं डागलं, नवरा पाहत राह्यला, अन् शेवटी तू लिहिलं की आता विहीर जवळ वाटते. त्यावर तुझ्या बापाचं उत्तर, जुळवून घे, घरात जागा नाई. सुकरे, विहिरीले जागा कवाच कमी पडत नाई, म्हणून तिचं बोलावणं ऐकायचं नसते. तिसरी पास आहेस, हे आपलं आपण वाच अन् जाळून टाक. कासारीण शकुबाई हा कागद बांगड्यायच्या टोपलीत, गवताखाली घालून आणते. मंगळवारी ती इकडं परत निघन. तिची टोपली डोक्यावर घे अन् तिच्यासंगं चाल. मागं पाहू नको, लुगडं राह्यलं तर राहू दे. बापाचं मी पाहीन.

तुझी आत्या मनकर्णा तापानं गेली, असं सारे सांगतात. मीच तसं सांगत आली. ती गठुडं घेऊन याच दारात उभी होती. मी म्हटलं, बाई, जागा कुठी आहे, जाय आपल्या घरी. पाणी पिऊन गेली. नवव्या दिवशी निरोप आला, विहिरीतून काढलं म्हणून. तिले साडेतीन हात मोजून दिले, पण मातीत. मास्तर थांबले आहेत. लिहा म्हटलं, हेही लिहा. तवा हा कुड नव्हता, सुकरे. घर याच्या दुप्पट होतं.

तुझीच,
कोपऱ्यात कोणी पोतं ठेवू नये म्हणून तिथीच बसलेली
आजी