क्रमात नसलेली प्रार्थना

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर आपलं बोलणं गुडघ्यांपासून सुरू होतं आणि हवापाण्यावर संपतं, म्हणून कागद घेतला. सहा वर्षं झाली, तू चर्चमध्ये पाऊल टाकलेलं नाहीस आणि घरी आलीस तरी पाहुणीसारखी दोन दिवस राहून जातेस. त्याचं कारण तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. मी ते एकदाही तोंडाने कबूल केलेलं नाही. आज करणार आहे, पण तुझ्या बापाला मूळ मुद्द्यावर यायला वेळ लागतो, तेवढा दे.

आधी बातम्या. दुकान चालू आहे. शिलाई मशीन दुरुस्तीला येणं कमी झालंय, पण जी येतात ती माझ्याच वयाची असतात, त्यामुळे आमचं जमतं. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीची टपरी आहे ना, त्या बाईचा नवरा चार महिन्यांपूर्वी झटक्याने पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ती बाई आपल्याच चर्चच्या मंडळीतली, कायम शेवटच्या बाकावर बसणारी. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मी तिचा आवाज कधी नीट ऐकला नव्हता. गाते ती, पण बेसूर, आणि बेसूर माणसांच्या बाबतीत तुझा बाप कसा आहे ते मी तुला काय सांगणार!

आता रविवारचं सांगतो. मी नेहमीप्रमाणे पाऊण तास आधी जाऊन पायपेटी पुसली, घड्याळ काढून समोर ठेवलं आणि उपासनेच्या क्रमावर लाल पेन्सिलीने मिनिटं लिहिली. गीत चार मिनिटं, वाचन तीन, प्रार्थना पाच. तू लहानपणी म्हणायचीस की बाबांच्या हातात असतं तर त्यांनी प्रभूच्या पुनरुत्थानालाही वेळ नेमून दिली असती. तेव्हा तुला रागावलो होतो. दुसऱ्या गीताच्या तिसऱ्या कडव्याला पेटीच्या आत काहीतरी फट्कन तुटलं आणि आवाजच गेला. पायाने दाबून हवा भरतो त्या भात्याचा पट्टा. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मंडळी पेटीच्या आधाराने गाणारी, दोन ओळी कशाबशा पुढे गेली आणि गप्प झाली. पाळकसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी कानाच्या पाळीपर्यंत लाल झालो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून इस्त्रीवाली उभी राहिली आणि प्रार्थना करायला लागली. प्रार्थनेची वेळ नव्हती, तिला कोणी सांगितलं नव्हतं, पुस्तकातलं एक वाक्य त्यात नव्हतं. शेजारणीशी बोलावं तशी ती देवाशी बोलत होती. म्हणाली, देवा, आज सकाळी त्याने मला हाक मारली. चार महिन्यांनी मारली. मी कपबशी तशीच टाकून इकडे पळत आले, तुला सांगायला. आज मला काही मागायचं नाही, नुसतं तुझ्यापाशी बसू दे.

आणि ठमे, माझे हात काय करत होते ऐक. माझ्या दोन्ही हातांनी पुढच्या गीताचा सूर धरला होता. तिचं बोलणं चालू असताना. पाय पायट्यावर गेला, एकदा दाबला, दोनदा दाबला. पायटा लुळा पडलेला, हवाच नाही. तिसऱ्यांदा दाबताना माझं मलाच दिसलं की मी काय करायला निघालोय, आणि मी पाय काढून घेतला. पट्टा तुटला नसता तर मी त्या बाईचा आवाज पेटीखाली बुडवला असता, आणि वर क्रम सांभाळला म्हणून समाधानाने घरी येऊन जेवलो असतो.

ती खाली बसली. त्यानंतर जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही, तरी सांगतो. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि एक गुडघा निकामी असलेला तो माणूस फरशीवर गुडघे टेकून बसला. शाळेच्या हेडबाई, ज्यांना मी कधी हसतानाही पाहिलं नव्हतं, त्या लहान मुलीसारख्या रडत होत्या. तिथे कोणीतरी होतं. वारा नाही, उजेड नाही, चमत्कार म्हणावं असं काहीसुद्धा नाही. पण आपल्या खोलीत माणूस येऊन उभं राहिलं की आपली पाठ तिकडे असली तरी कळतं ना, तसं कळत होतं. प्रभू आला होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती. मला भीती वाटली, आणि तिथून हलूच नये असंही वाटलं. मग कोणीतरी हळूच गायला सुरुवात केली. ज्याची त्याची पट्टी वेगळी, ताल कुठल्या कुठे, आणि मी, बेसुराने दात ओठ खाणारा मी, त्यांच्यात गात होतो. घड्याळ नाकासमोर होतं, तरी किती वेळ गेला ते नंतर पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा कळलं.

पट्टा मी सोमवारी बदलला, दहा मिनिटांचं काम. पेटी वाजवायची सोडणार नाही. क्रमही वाईट नसतो गं, पाणी प्यायला भांडं लागतंच. पण मी आयुष्यभर भांडंच घासत बसलो आणि तहानलेल्यांना बाजूला सारत राहिलो. तुझी आई हे मला हसत हसत सांगायची, तेव्हा मी तिला म्हणायचो, तुला संगीतातलं काय कळतं.

आता मुद्दा. तुझ्या आईच्या स्मरणाच्या उपासनेत तू अचानक उभी राहून प्रार्थना सुरू केलीस. ती क्रमात नव्हती. मी पुढचं गीत सुरू केलं, भाता पूर्ण भरून, तुझ्या आवाजावर. लोकांना वाटलं, दुःखात बिचाऱ्याचं चुकलं. मीही सगळ्यांना तेच वाटू दिलं. तू फक्त माझ्याकडे पाहिलंस आणि खाली बसलीस. चुकलं नव्हतं, ठमे. मी जाणूनबुजून केलं. तू बोलत राहिली असतीस तर मी तिथेच, सगळ्यांसमोर कोसळलो असतो, म्हणून केलं. मला माफ कर. तू म्हणत होतीस, "देवा, आई जाण्याआधी मला म्हणाली की", आणि तिथे मी पेटी वाजवली. ती काय म्हणाली, हे सहा वर्षं मला माहीत नाही. विचारायचा हक्क मी स्वतःच घालवला, म्हणून विचारत नाही. मला नकोच सांगू. पण ज्याला तू सांगत होतीस तो अजून ऐकतोय, हे मी रविवारी स्वतः अनुभवलं. तुझ्या खोलीत बस, नाहीतर इथे ये, आणि ती प्रार्थना पुरी कर. इथे आलीस तर तू बोलत असेपर्यंत माझे हात मांडीवर असतील.

तुझाच,
बाबा