भिंतीकडची खुर्ची

प्रिय आई,

तुला आणि दादाला मनापासून सलाम. मी बरा आहे, लाँड्रीतलं काम सुरळीत चाललंय. तुझे गुडघे कसे आहेत?

आई, रविवारी मी चर्चमध्ये भर उपासनेत पाळकसाहेबांना उलट बोललो. ते तुला फोन करतीलच, म्हणून आधी मीच कळवतो.

इथे त्यांच्या परवानगीशिवाय कुणी काही केलं, तर त्याला भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसवतात आणि बाकीचे त्याची पापं मोठ्याने सांगतात. या वेळी आमच्या लाँड्रीतल्या मावशींना बसवलं. नातवाला ताप होता, म्हणून त्यांनी न विचारता त्याला दवाखान्यात नेलं होतं. मी उठून म्हणालो, "हा छळ आहे. याला देवाचं नाव देऊ नका."

पाळकसाहेब हसले. "अरे शहाण्या, ती खुर्ची दर रविवारी तूच मांडतोस की!"

सगळे हसले. माझी मान वर होईना, कारण ते खरंच होतं. मी ती पुसून, भिंतीला अगदी सरळ लावायचो. आज कोण बसणार, हे कधी विचारलं नाही.

मी हात पुढे केला. मावशी उठल्या, पण माझा हात न धरता बाहेर गेल्या. मीही गेलो.

मी बिघडलो असं ते सांगतील. तुला ते खरं वाटेल, याची भीती वाटते गं. प्रार्थनेत आधी मावशींचं नाव घे. माझं नंतर घेतलंस तरी चालेल.

तुझाच,
धाकटा