आष्टीतला बर्फ

४ मे
आष्टीत पोचले. बाहेर ऊन भाजून काढतंय आणि मी आत स्वेटर घालून बसलेय! पूर्वी इथं मोसंबी ठेवायचे. आता या शीतगृहात खाऱ्या पाण्याचा मोठा हौद आहे आणि त्यावर बर्फाचा थर. सौर पॅनलवर चालणारा पंप बर्फाखालचं पाणी उपसून वर पसरतो, ते गोठतं, थर जाड होतो. इथं जमलं की असेच पंप उत्तर ध्रुवावर जाणार, तिथल्या समुद्रावरचा वितळत चाललेला बर्फ सावरायला. जालन्याला पप्पांना फोन केला, तुमची नेहल ध्रुव वाचवायला निघाली म्हणून. ते म्हणाले, आधी जेवून घे. आमचे प्रमुख रामकिसन सर हुशार आहेत, पण भारी घाईचे. चहा-स्वयंपाक दैवशालाबाई बघतात. हौदाकडं पाठ करून त्या कधी उभ्या राहत नाहीत.

७ मे
पंप बंद होता, तरी बर्फ वाढला. सर म्हणाले, तुझ्या मोजण्यात चूक असेल. मी बर्फावर हात टेकला, तर खालून कुणीतरी ठोकलं.
दैवशालाबाई मागंच होत्या. म्हणाल्या, "आमचे मालक हायेत ते."
त्यांचा नवरा, कचरू, इथंच कामाला होता. गेल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना प्रयोग दाखवायचा होता आणि पंपाची जाळी तुंबली. कचरू बर्फातल्या भोकातून खाली उतरला. वर भोक गोठलं. माणसं पहारी घेऊन धावली, तर सरांनी अडवलं: पाहुणे येऊन राह्यले, बर्फ फोडायचा न्हाई. गावात सांगितलं, हार्ट अटॅक आल्ता.
मग इथं कशाला राहता, मी विचारलं. "मंग कुठं जाऊ? सायबाला घेतल्याबिगर ते हलायचे न्हाईत."

९ मे
सरांना तोंडावर विचारलं. हसले. एवढं मोठं काम म्हटल्यावर एखादा जायचाच, म्हणाले. बोलता बोलता त्यांच्या हातातल्या गरम चहावर बर्फ धरला. त्यांनी कप फेकला. चेहरा पांढराफटक.
मला बरं वाटलं.

१० मे
पंप आपोआप सुरू. वायर तोडली, तरी सुरूच. भरदुपारी सर हातोडा घेऊन बर्फावर गेले. बर्फ त्यांच्या पायाखाली उघडला — आणि मिटला.
खालून ठोकत होते. तोंड दिसत होतं. पहार माझ्या हाताशी होती. दैवशालाबाई म्हणाल्या, "राहू द्या, ताई."
मी राहू दिली.

१० मे, संध्याकाळ
ठोकणं थांबलं. बर्फ थांबला नाही. हौदाबाहेर आला — फरशीवर — दार गोठून गच्च.
बाई बर्फावर गेल्या. ओरडल्या, "झालं ना मनासारखं? बस करा आता, घरी चला!"
खालून हात आला. वाटलं, त्यांचा हात धरायला —
ओळखलंच नाही कचरूनं बायकोला. त्यांनाही खाली ओढलं —

केबिनमध्ये कोंडून घेतलंय, काच पांढरी झालीय. बोटं वळत नाहीत. कचरूभाऊ, ऐका, मी तर तुमच्याच बाजूनं —