दोघांची तुला

१२ नोव्हेंबर १९४८, शुक्रवार
सकाळी काचीगुडा स्टेशनवर जाऊन वजन करून आलो. यंत्रानं चिठ्ठी दिली, एकशे सव्वीस पौंड. तुरुंगातून सुटलो तेव्हा सत्त्याण्णव होतो, म्हणजे दोन महिन्यांच्या दुधातुपानं काम केलं म्हणायचं.

आईला चिठ्ठी दाखवली. तिनं देवाच्या डब्यातून दोन जुन्या चिठ्ठ्या काढून शेजारी ठेवल्या. गेल्या वर्षी निजामाविरुद्ध सत्याग्रहात उतरण्याआधी मी आणि वसंता गंमत म्हणून त्याच यंत्रावर चढलो होतो. माझी १४६, त्याची ११८. त्या दिवशी तो मला 'गोणी' म्हणाला होता.

आई म्हणाली, "अजून वीस."

तिनं देवीला बोललंय, दोन्ही मुलं परत आली की दोघांना एका पारड्यात बसवून गुळाची तुला करीन. तोवर एक वेळ जेवण आणि गोड बंद. म्हटलं, आई, आहे त्या वजनावर उरकून टाक, पण ऐकत नाही. "गेलात तेवढ्या वजनाचं बोलले होते. देवीला काय मापात फसवू?"

आणि वसंता? त्याबद्दल आम्ही दोघं बोलत नाही. मी आत गेलो आणि तो सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला. पोलीस ॲक्शननंतर कॅम्पातली बाकीची पोरं घरी आली.

१५ नोव्हेंबर
पाय सुजतात. बोट दाबलं की खड्डा राहतो. डॉक्टर म्हणाले, हे वजन खरं नव्हे, अर्धं पाणी आहे. अंगात ताकद नाही, थोडी मेहनत करा. आईला यातलं काही सांगितलं नाही.

दोन्ही वेळा माझ्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडलेला असतो. मी ऐसपैस बसलो की म्हणते, "सरकून बस." लहानपणी आम्ही भांडायचो तेव्हा म्हणायची तसंच.

१८ नोव्हेंबर
तालमीत गेलो. करीम उस्तादांनी मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर दंडाला हात लावून म्हणाले, "अरे दत्तू मियाँ, सब वईंच छोडके आए क्या?"

दहा जोर काढायला सांगितले. चौथ्याला हात थरथरायला लागले, सहाव्याला तोंड मातीत. पूर्वी शंभर काढून वर वसंताला पाठीवर घ्यायचो. शेजारचे पैलवान हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

तालीम अर्धी रिकामी. उस्तादांचा मुलगा रशीद लातूरकडे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. सप्टेंबरपासून पत्र नाही. तिकडच्या मुसलमान वस्त्यांच्या बातम्या चांगल्या नाहीत.

२६ नोव्हेंबर
अंग इतकं दुखतंय की कोट घालताना आईची मदत घ्यावी लागली. भूक मात्र अफाट. सकाळी भाकऱ्या किती खाल्ल्या ते आईनं मोजलं असेल, मी नाही. ती समोर बसून वाढते आणि मी खातो तसतशी तिच्या तोंडावर तरतरी येते. मग संध्याकाळी ती नुसतं पाणी पिऊन पडते आणि माझा घास तोंडात फिरतो.

५ डिसेंबर
एकशे एकोणीस. सात पौंड गेले. यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा आणा टाकला. एकशे एकोणीस.

चिठ्ठी न दाखवण्याचा विचार होता, पण ती दारातच हात पुढे करून उभी. वाचली आणि देवाच्या डब्यात ठेवली. नंतर स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्या मातीत लोळणं बंद कर."

बाही दंडाला घट्ट होतेय, पायांची सूज उतरलीय, जिना न थांबता चढतो. हे सगळं तिला सांगितलं. म्हणाली, "मग वजन कुठं गेलं?"

६ डिसेंबर
उस्तादांना विचारलं. "पैले पानी उतरता, बाद में गोश चढता. तराजू कू क्या मालूम."
किती दिवसांत चढतं?
"मेरे कू बी नै मालूम मियाँ. भूके आदमी कू मैं कब्बी सिकाया नै."

आईला उस्तादांचं पहिलं वाक्य सांगितलं.

१९ डिसेंबर
मलकपेठचे मामा आले. आईचे धाकटे भाऊ, धान्याची आडत आहे. घरात शिरल्याबरोबर आईकडे पाहून म्हणाले, "ताई, तू काय झालीस हे!" मी रोज पाहतो म्हणून मला दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं असं लिहितोय, पण दिसलं होतं. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात तिच्या.

मला बाहेर ओट्यावर नेलं. "दत्तू, खामखा वाट पाहण्यात मतलब नाही. वसंताचं जे काय करायचं ते करून टाकू. दिवस घालू. ती मोकळी होईल, जेवायला लागेल."

मी म्हटलं, तुम्हीच सांगा तिला.
"मी? मला ती घराबाहेर काढील."

दोन मोठी माणसं ओट्यावर बसून विड्या ओढत राहिलो. आत तिनं मामांसाठी शिरा केला होता. साखर कमी होती. गोड बंद असल्यावर चव कशी बघणार.

३ जानेवारी १९४९
१२१. तालीम चालू आहे. आता साठ जोर सलग.
आरशात पाहिलं तर खांदे पूर्वीसारखे. बरगड्या बुजल्या. चेहरा मात्र दुसऱ्या कुणाचा तरी. वसंतानं पाहिलं तर चिडवील.

"चिडवील" असंच लिहून गेलो. खोडत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
आईनं तिळगूळ केला, सगळ्या आळीला वाटला, स्वतः खाल्ला नाही. मी चिडलो. म्हटलं, मी एकशे शेहेचाळीस कधीच भरणार नाही, तू काय जन्मभर अशीच राहणार? शरीर म्हणजे बँक आहे का, ठेवलेलं जसंच्या तसं परत मिळायला? तुरुंगात गेलेला गेला. हा वेगळा आहे, हाच घे.

फार बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तोंड धू, माती आहे कानाशी."

२ फेब्रुवारी
तिला धाप लागते. देवळाच्या पायऱ्यांवर दोनदा बसली. डॉक्टर म्हणतात, औषध देईन पण आधी पोटात अन्न हवं. मी १२५.

उस्तादांना विचारलं की मेहनत सोडून पुन्हा नुसतं दूधतूप खाऊ का, सूज तर सूज, आकडा तरी येईल. तर म्हणाले, "अम्मा कू सूजा हुआ बेटा दिखाना क्या? नक्को." मग आखाड्याची माती सारखी करत म्हणाले, "मेरा दिखे तो मैं सूजा हुआ बी ले लेतौं."

त्यांचेही गाल आत गेलेत.

११ फेब्रुवारी
आज एकजण आला. हिमायतनगरात भाऊ असतो त्याचा, हा स्वतः वसंताबरोबर कॅम्पात होता. पाच महिने येऊ येऊ म्हणत राहिला, धीर झाला नाही असं म्हणाला.

ओट्यावर बसून सांगितलं. वसंता आणि आणखी दोघं संध्याकाळी हद्द ओलांडून एका गावात निरोप द्यायला गेले. अंधार पडल्यावर गोळ्यांचा आवाज ऐकू आला. दुसऱ्या दिवशी त्या दोघांची प्रेतं ओढ्यात मिळाली. वसंताचं नाही. फक्त एक वहाण सापडली, त्याची असावी. असावी, नक्की नाही.

आई चहा घेऊन दाराआड उभी होती. किती ऐकलं कुणास ठाऊक. बाहेर आली, त्याच्या हातात कप दिला आणि विचारलं,
"तिथं पोटभर मिळायचं का रे?"
तो म्हणाला, "हौ काकू, मिळायचं."
"अंगानं कसा होता? भरला होता का?"
त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.
"भरला होता काकू. सगळ्यांत तोच भरला होता."

"मग एकशे अठरात भागायचं नाही," आई म्हणाली आणि आत गेली.

१२ फेब्रुवारी
सकाळी उठलो तर म्हणाली, मामांना निरोप दे, पुढच्या महिन्यात शुक्रवार बघून तुला करू. मी विचारलं, आणि वजन? वसंता?
"तू बसशील ना? मग झालं."

आनंद व्हायला हवा होता. तालमीत गेलो, हातच चालेनात. मातीवर बसून राहिलो. कुणी उठवलं नाही.

२० फेब्रुवारी
मामांना वाटतं ताई शहाणी झाली. गूळ आणि आडतीवरचा मोठा तराजू तेच आणणार आहेत. आईनं किती गूळ सांगितला ते ऐकून म्हणाले, "अगं, हा जेमतेम दीड मण भरेल, एवढा कशाला?" ती म्हणाली, "तू आण."

२७ फेब्रुवारी
उस्ताद चालले. तालमीची किल्ली शेजारच्या पानवाल्याकडे ठेवलीय. लातूर, उदगीर, जमेल तिथे रशीदला शोधणार. म्हटलं, मी येऊ? म्हणाले, तुझी आई आहे. जाताना माझा दंड दाबून पाहिला, जसा गुरं घेताना पाहतात. "अब सच्चा है," म्हणाले. मला रडू आलं आणि त्यांना ते आवडलं नाही.

४ मार्च, शुक्रवार
तुला झाली. लिहून ठेवतो, नाहीतर मामा सांगतील तेच खरं होईल.

देवीच्या सभामंडपात तराजू टांगला. मोठी पारडी, आडतीवर ज्यांत पोती चढतात ती. मामांचे दोन हमाल दोऱ्या धरून. मी सोवळं नेसून पारड्यात मधोमध मांडी घालून बसलो. आई पुढे आली आणि हळूच म्हणाली, "सरकून बस."

मी कडेला सरकलो. पारडं माझ्या बाजूला कललं, हमालानं दोरी आवळली. माझ्या शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा राहिली. आईनं तिथं हळदकुंकू वाहिलं.

समोर ढेपा चढायला लागल्या. सहाव्या ढेपेला दोन्ही पारडी सारखी झाली. गुरुजी म्हणाले, पूर्ण झालं. मामांनी हमालांना खूण केली.

"झालं नाही," आई म्हणाली. "ठेवा आणखी."

सातवी ठेवली, आठवी ठेवली. गुळाचं पारडं फरशीवर बसलं आणि मी वर. हमाल थांबले. ती म्हणाली, ठेवा. माझं गेलेलं वजन, मग वसंताचं, मग तो कॅम्पात भरला होता म्हणून वर आणखी एक. एकावर एक ढेपा रचत होते आणि मी अधांतरी लोंबत होतो, पाय पोटाशी घेऊन, रिकाम्या जागेवर तोल जाऊ नये म्हणून एका हातानं साखळी धरून. चार महिने मेहनत करून मिळवलेलं वजन त्या गुळापुढे काहीच नव्हतं.

मामांनी उपरणं तोंडाला लावलं होतं. आई माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या शेजारी बघत होती.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "आता उतरवा दोघांना."

५ मार्च
काल रात्री ती दिवसात दुसऱ्यांदा जेवली. दीड वर्षांनी. चार घास गेले, पाचवा हातात धरून बसली. "जात नाही रे आता." डॉक्टर म्हणाले, हळूहळू सवय होईल.

आता वाढायला मी बसतो. दूध ओतलं की ती भांड्यावर हात आडवा धरते.

९ मार्च
प्रसादाचा गूळ घेऊन तालमीत गेलो. कुलूप. पानवाला म्हणाला, काही खबर नाही. गूळ त्याच्याकडेच ठेवून आलो. मुंग्या लागतील म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवायला सांगितलं.

घरीच जोर काढले. येताना स्टेशनवरून आलो, पण यंत्रावर चढलो नाही.

१६ मार्च
मामा पुन्हा आले. आज धीर करून आईशीच बोलले. तुला झाली, नवस फिटला, आता वसंताचं बाकीचंही रीतसर करून टाकू. मला वाटलं, आता ती उठून जाणार. गेली नाही. वाती वळत होती, वळत राहिली.

"त्याचं फिटलं की," म्हणाली. "आता त्याच्याकडे काही राहिलं नाही. आता त्यानं नुसतं यायचं."

मामा चहा न घेता गेले. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो.

संध्याकाळी तिनं पाट मांडले. तिचा एक, माझा एक, माझ्या शेजारी एक. अर्धी भाकरी खाल्ली तिनं आज, दुधात कुस्करून. मी तिच्या पानाकडे पाहत होतो.

आज तिला सांगावं लागलं नाही. मी आधीच सरकून बसलो होतो.