नव्या खोलीतला आवाज

१४ जुलै, सोम.
चौथीचा वर्ग नव्या खोलीत हलवून आठवडा झाला. स्लॅब, फरशी, गुळगुळीत भिंती. गावाला कोण कौतुक! आत मात्र मी एकदा 'बसा' म्हटलं की खोली तीनदा म्हणते. कमी ऐकू येणाऱ्या कावेरीला आज श्रुतलेखनात दहापैकी एक. जुन्या मातीच्या खोलीत हीच पोर कानातल्या मशीनवर सात-आठ शब्द बरोबर लिहायची. मी आवाज चढवला. घसा बसला. तिचा एकच राहिला.

१५ जुलै, मंगळ.
कावेरीचे वडील आले. दारातच उभे. "बाई, ऐकूच येत नाय तर नुसतं बसून काय करंल? नाव काढतो. मेंढरं तरी राखंल."
महिनाअखेरपर्यंत थांबा म्हटलं. कशाच्या भरवशावर म्हटलं कोण जाणे. पण पोर हुशार आहे आणि मी हट्टी. बघू.

१७ जुलै, गुरु.
शाळा सुटल्यावर कन्नड गावाला जाणाऱ्या जीपची वाट बघत होते. नाल्याकाठी कावेरीचा आज्जा मेंढरं घेऊन. पलीकडच्या डोंगरावरच्या भावाला हाका मारत होता. एक शब्द, मग गप्प. परत एक शब्द. असं का, विचारलं.
"डोंगर त्याचं बोलून घेतो बाई. त्याचं झालं की मंग आपुन. घाई केली की दोन्ही वाया."
"आणि जोरात ओरडलं तर?"
"मंग डोंगरबी वरडतो की!"
सोळा वर्षं शिकवते आहे आणि आठवडाभर खोलीशी ओरडाओरडीची शर्यत लावून बसले होते. लाज वाटली.

१८ जुलै, शुक्र.
एक शब्द, थांबा. एक शब्द, थांबा. पोरं खुसुखुसु हसली. कावेरीचे चार आले!
पण मशीन सगळंच मोठं करतं: माझा शब्द, बाक सरकल्याचा आवाज, भिंतीवरून परत आलेलं सगळं. भिंतीचं काहीतरी करायला हवं. सतरंज्या मागितल्या. मुख्याध्यापक म्हणाले, शाळेत दोनच आहेत, त्याही फाटक्या.

१९ जुलै, शनि.
आज्जा तीन घोंगड्या खांद्यावर टाकून हजर. कावेरीनं घरी सांगितलं असणार. मागच्या भिंतीला खिळे मारून टांगल्या. टाळी वाजवली तर तिथल्या तिथं विरली. खोलीला मेंढरांचा वास सुटलाय. सुटू दे.

२१ जुलै, सोम.
सरपंच तणतणत आले. "नव्या भिंतीला खिळे? वर घोंगड्या? शाळा हाय का मेंढवाडा?" मुख्याध्यापक फरशीकडे बघत उभे. मी सरपंचांना शेवटच्या बाकावर बसवलं. घोंगड्या उतरवून धडा वाचला, मग लावून वाचला.
"फरक हाय," म्हणाले. "पर पंधरा ऑगष्टला पाव्हणे येणारेत. तवर काढा."
हो म्हटलेलं नाही.

२५ जुलै, शुक्र.
सात! पहिल्या बाकावर बसून, पण सात. जीपमध्ये एकटीच हसत होते, शेजारची बाई सरकून बसली.

३१ जुलै, गुरु.
वडील सकाळीच आले. म्हटलं, आधी श्रुतलेखन बघा, मग बोलू. तेवढ्यात कावेरी दप्तर उचलून शेवटच्या बाकावर मैत्रिणीजवळ जाऊन बसली. मी म्हटलं, पुढं ये.
"नाय बाई. पाचवीत मला कोण म्होरं बसवणारे? हितूनच लिहिते."
आजच सुचायचं होतं का हे! असा राग आला. आणि भीतीही वाटली.
दहा शब्द सांगून झाले. एकेक, थांबून. ती मान वर करायची, लिहायची. बरोबर की चूक, दिसत नव्हतं.
आता मधली सुट्टी. वडील ओट्यावर बसलेत. तिची वही माझ्यासमोर आहे, मिटलेली. आत एक निघो नाहीतर दहा, कावेरी या वर्गातून जाणार नाही, हे आधी त्यांना सांगून येते. वही त्यानंतर उघडीन.